काका, शिक्का मारू नका

क्रिकेटमध्ये चेंडू हुकला तर माणूस काहीही सांगू शकतो. खाली राहिला, आत आला, समोर कोणीतरी हललं. गोल्फमध्ये ही सोय नाही. चेंडू आपणच ठेवलेला असतो, आपल्या हाताने, आपल्याला हवा तिथे, आणि आपण मारेपर्यंत तो कुठेही जाणार नसतो. लिंबाएवढा, पांढराशुभ्र, अंगभर तीनशेच्या वर खळ्या. त्या खळ्यांमुळे चेंडू हवेत लांब जातो म्हणे. माझा चेंडू हवेतच जात नसल्यामुळे त्या नुसत्या हसताना पडल्यासारख्या दिसत.

सरावाच्या पहिल्या दिवसाचा हिशोब मी लिहून ठेवला आहे. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. बादलीत चेंडू पन्नास. पैकी अकरा वेळा काठी चेंडूवरून, वाऱ्यासारखी. सोळा वेळा चेंडूच्या मागे मॅटवर, धप्प, आणि दोन्ही कोपरांतून झिणझिण्या. याला ‘फॅट’ म्हणतात. एकवीस वेळा चेंडूच्या टाळूवर. याला ‘टॉप’ म्हणतात, आणि त्यात चेंडू निवृत्त माणूस संध्याकाळी बागेत जातो तसा रमतगमत दहा पावलं जाऊन थांबतो. उरले दोन. एक जवळजवळ काटकोनात उजवीकडे गेला आणि शेजारच्या जाळीवर आपटला. जाळीपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. दुसरा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. वहीत तो ‘येणे’ म्हणून दाखवला आहे.

या सगळ्याला कारणीभूत आमचा जावई. २०२३ साली अधिक श्रावण होता. लेक-जावई एडिनबराला असतात, तेव्हा आम्ही चांदीची वाटी, त्यात ठेवायला तेहतीस अनारसे आणि स्वेटर असा सरंजाम घेऊन तिथे पोचलो. जावई गुणी आहे. सासऱ्याने एवढं वाण दिलं तर आपणही काही द्यावं म्हणून त्याने मला एक वापरलेली गोल्फची काठी दिली. सेव्हन आयर्न. म्हणाला, “बाबा, चालणं होतं, मन शांत राहतं.” पहिली गोष्ट खरी आहे.

एका रविवारी तो आम्हाला सेंट अँड्र्यूजला घेऊन गेला. तिथल्या ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो, गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात. आम्हीही फिरलो. १७६४ साली याच मैदानाने अठरा होल पक्के केले आणि मग जगाने तोच आकडा उचलला, असं जावई सांगत होता. बायकोने वाऱ्याला पाठ करून चिवड्याची पुडी सोडली आणि म्हणाली, “एवढं मोठं मैदान, पण एक कागद नाही हो कुठे.” मग आपली रिकामी पुडी घडी घालून पर्समध्ये ठेवली. जावयाने आणखी एक गोष्ट सांगितली. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसायचे. तेव्हा मी हसलो होतो. आता त्या संसदेबद्दल मला आदर वाटतो.

पुण्याला परत आल्यावर काठी दिवाणखान्यात छत्रीशेजारी उभी राहिली. पाहुणे विचारायचे, “हे काय?” आणि बायको म्हणायची, “जावयाने दिलंय.” यात कौतुक आणि तक्रार दोन्ही होतं. शेवटी गावाबाहेरच्या एका रेंजवर नाव घातलं. रेंज म्हणजे जिथे नुसतं मारायचं. चेंडू शोधायला जायचं नाही, ते काम जाळी लावलेला ट्रॅक्टर करतो. मॅटवर उभं राहा, बादली घ्या, आणि अब्रू जाईपर्यंत मारा.

तिथले कोच माझ्याहून तीस वर्षांनी लहान. लहानपणी कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहिल्या आणि बघून बघून खेळ शिकले. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका. पहिले चार दिवस ते माझ्या मागे हाताची घडी घालून उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “काका, नोकरी कुठे होती?”

“बँकेत.”

“काउंटरला?”

“सुरुवातीची बरीच वर्षं.”

“तरीच,” ते म्हणाले. “तुम्ही शिक्का मारताय.”

हे निदान इतकं अचूक होतं की मी बराच वेळ काठीकडे बघत राहिलो. माझ्या उमेदीच्या काळात दिवसाला किती शिक्के मारले असतील याची गणती नाही. चलनावर, स्लिपवर, चेकच्या पाठीवर. आधी पॅडवर, मग कागदावर, टप्-टप्, टप्-टप्. त्याचं एक शास्त्र आहे. कोपर अंगाशी, मनगटातून झटका, कागदावर नजर, आणि कागदाला टेकल्याक्षणी हात जागच्या जागी थांबला पाहिजे. पुढे सरकला तर शाई फासते, तारीख वाचता येत नाही, आणि ऑडिटवाला बोट ठेवतो. म्हणजे ज्याला गोल्फमध्ये ‘फॉलो थ्रू’ म्हणतात आणि ज्याच्या आरत्या ओवाळतात, तो आमच्या धंद्यात गुन्हा होता. चौतीस वर्षं मी पुढे न जाण्याचा पगार घेतला. आता हा मुलगा मला म्हणत होता, चेंडूपाशी थांबू नका.

“मग चेंडू मारायचा कशाने?”

“मारायचाच नाही.”

“मग?”

“काठी फिरवायची. मागून निघाली, पुढे गेली, खांद्यावर गेली. चेंडू मध्ये येतो. आला तर आला.”

आला तर आला! साडेतीन हजारांचे बूट घालून मी ज्याच्यासाठी उभा होतो त्याच्याबद्दल हा असं बोलत होता, जसं लग्नाच्या यादीतल्या लांबच्या मामेभावाबद्दल बोलावं.

पण त्यामागे हिशोब आहे. काठीचं टोक आणि चेंडू एकमेकांना लागलेले असतात ते सुमारे अर्ध्या मिलिसेकंदापुरते, म्हणजे सेकंदाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक. ‘लागला’ ही खबर हातातून डोक्यापर्यंत पोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे नेमक्या त्या क्षणी जोर लावायचा माझा जो बेत होता, तो घडून गेलेल्या गोष्टीवर सही करण्यासारखा होता. शिवाय चेंडूपाशी जोर लावायचा म्हटलं की मूठ आधीच आवळते, मनगट वेळेआधी सुटतं, आणि काठी चेंडूच्या अलीकडेच जमिनीला भिडते. चांगल्या खेळाडूच्या आयर्नने गवताचा जो तुकडा उडतो, तो चेंडू होता त्याच्या पुढचा असतो, मागचा नव्हे. आधी चेंडू, मग जमीन. माझा क्रम जमीन, कोपर, परमेश्वर असा होता.

आणि उचलणं! चेंडू वर जावा म्हणून मी शेवटच्या क्षणी अंग मागे टाकून काठी वर ओढायचो, विहिरीतून कळशी काढावी तशी. सरांनी सेव्हन आयर्नचं तोंड माझ्यासमोर धरलं. ते मुळातच तीसेक अंश मागे कललेलं असतं. “हे तिरकं कशासाठी आहे? वर न्यायचं काम त्याचं. तुम्ही कशाला त्याची ड्युटी करताय?” सगळं काम आपणच केलं पाहिजे असं वाटणाऱ्या अधिकाऱ्याला याहून अपमानकारक काय असणार?

मग आवाजाचा धडा आला. सरांनी काठी उलटी धरायला लावली, म्हणजे लोखंडी डोकं हातात आणि मूठ हवेत. “आता जोरात फिरवा आणि ऐका.” मी फिरवली. सूं असा आवाज आला.

“कुठे आला?”

मी विचार केला. “उजव्या खांद्यापाशी.”

“म्हणजे चेंडूपर्यंत यायच्या आधीच तुमचा सगळा जोर संपला. शिपाई यायच्या आत बँक बंद. तो आवाज इथे यायला पाहिजे,” आणि त्यांनी माझ्या डाव्या पायाच्या पुढची हवा दाखवली. मग स्वतः फिरवली. आळसावल्यासारखी, बायकांनी दोरीवर टॉवेल टाकावा तशी, आणि डाव्या पायापुढे असा काही सूं आला की शेजारच्या मॅटवरच्या माणसाने वळून पाहिलं.

“नीरज चोप्रा बघा,” ते म्हणाले. “भाला सुटला म्हणून हात तिथेच थांबतो का? अख्खा माणूस पुढे जातो. कधीकधी तोंडावर पडायला येतो.”

“मी तर नक्की पडेन.”

“पडा की. पण पुढे पडा. तुम्ही मागे पडताय.”

गृहपाठ छत्रीने करायचा होता. दिवाणखान्यात टीपॉय सरकवून मी सूं शोधायला लागलो. छत्री बंद असली तरी तिचं बटण सैल आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. ऐन फॉलो थ्रूमध्ये ती उघडली, झुंबराला अडकली, आणि मी दोन्ही हात वर करून तिला लोंबकळतोय अशा अवस्थेत बायको स्वयंपाकघरातून आली. तिने काही विचारलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत. एवढंच म्हणाली, “अहो, घरात छत्री उघडू नये.”

गंमत अशी की छत्रीने माझा स्विंग देखणा होता. रेंजवरही नुसती हवेत काठी फिरवली की मी एखाद्या जुन्या फोटोतला संस्थानिक दिसायचो. पण समोर चेंडू ठेवला की डोळे बारीक, दात आवळलेले, कान तांबडे, आणि टप्! शिक्का. सर म्हणायचे, “काका, काठी धरलीय, चोर नाही धरलेला.” मी मूठ सैल करायचो. चेंडूकडे पाहायचो. चोर परत हातात यायचा.

अशा दिवसांत माणूस चंद्राचाही आधार घेतो. १९७१ साली अपोलो १४ मधून गेलेल्या ॲलन शेपर्डने चंद्रावर दोन गोल्फचे चेंडू मारले. स्पेससूट इतका कडक की एकाच हाताने काठी फिरवावी लागली. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली. पुढे एक चेंडू बरा लागला तेव्हा तो म्हणाला की मैलोन्‌मैल गेला. पन्नास वर्षांनी कोणीतरी त्या फोटोंवरून मोजमाप केलं, तर एक चेंडू चोवीस यार्ड गेलेला निघाला आणि दुसरा चाळीस. मला फार बरं वाटलं. मग आठवलं की त्याच्याकडे स्पेससूट होता आणि माझ्या अंगात टी-शर्ट होता.

शेवटी एके दिवशी सरांनी माझं चेंडूकडे बघणंच मोडायचं ठरवलं. मॅटऐवजी बाहेर गवतावर नेलं आणि वीतवीत अंतरावर सहा चेंडू एका रांगेत मांडले, पंगतीला पानं मांडावीत तसे. “थांबायचं नाही. काठी मागे-पुढे, मागे-पुढे, घड्याळाच्या लंबकासारखी. प्रत्येक वेळी एक छोटं पाऊल पुढे. मी काय सांगतो त्याकडे लक्ष द्या, चेंडूकडे नको. आज घरी भाजी कोणती?”

“गवार,” मी म्हणालो आणि निघालो.

पहिला टॉप. दुसऱ्याआधी माती. “गवारीत काय घालतात?” मागून आवाज आला. “दाण्याचं कूट,” मी म्हणालो, “पण आमच्याकडे कारळ्याची चटणी पण...” आणि तिसऱ्या किंवा चौथ्या चेंडूला काहीतरी झालं. म्हणजे काहीच झालं नाही. हातात झिणझिण्या नाहीत, धप्प नाही. नुसता एक बारीक टिच् असा आवाज, दुधाच्या पिशवीला कात्री लागावी एवढाच, आणि काठी आपोआप माझ्या डाव्या खांद्यावर येऊन बसली होती. पोट समोर, उजव्या पायाची टाच वर. मी फोटोतल्यासारखा उभा होतो आणि मला कोणी तसं उभं केलं नव्हतं.

“गेला,” सर म्हणाले.

“कुठे?”

“तो काय! शंभराच्या पाटीपुढे.”

मला दिसला नाही. मी कारळ्यात होतो. पाहीपर्यंत तो दूर कुठेतरी दोन टप्पे घेऊन इतर चेंडूंत मिसळला होता. आयुष्यात पहिल्यांदा नीट लागलेला चेंडू, आणि त्याचा साक्षीदार मी नव्हतो. काठी जिथून गेली तिथे गवताची एक चिमूट उडालेली होती. वाकून पाहिलं. चेंडूच्या जागेच्या पुढे! मी तिथे बोट ठेवलं, ऑडिटवाला ठेवतो तसं.

“आता परत,” सर म्हणाले.

आता मला जमतं हे मला माहीत होतं. मी पुढच्या चेंडूसमोर पाय रोवून उभा राहिलो, नीट नजर लावली, श्वास रोखला. टप्. चेंडू दहा पावलं बागेत फिरून आला. सरांनी हाताची घडी घातली.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं, गवारीसकट. तिला तो स्विंग बघायचा होता. टीपॉय सरकवला, छत्री नको म्हणून लाटणं घेतलं, डोळे मिटले, आणि फिरवलं. सूं आला. डाव्या पायापुढे आला. लाटणं खांद्यावर, टाच वर. दोन क्षण मी तसाच उभा राहिलो.

“छान दिसतं हो,” ती म्हणाली. मग लाटणं माझ्या हातातून काढून घेत स्वयंपाकघराकडे वळली. “चेंडू नसला की एवढं छान जमतं, तर दर वेळी बादलीचे पैसे कशाला भरता?”