कोबा करा, निर्धास्त राहा

सांगलीकरहो, अजून वेळ गेलेली नाही. घरपट्टीच्या बिलात सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर अशी वरात निघतेच. पावसाच्या पाण्याचं शुल्क तेवढं अजून त्यात सामील झालेलं नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत आणि जर्मनीत ते केव्हाच लागू झालंय. तिथला हिशेब असा: छत, फरशी, काँक्रीट, डांबर मिळून तुमच्या जागेत जेवढ्या भागात पाणी मुरत नाही, तेवढ्याचे पैसे मोजायचे. कारण ते पाणी तुम्ही सरळ गावाच्या गटारात सोडून मोकळे होता. मेरीलँड राज्यात 2012 साली काही काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, ही आकारणी सक्तीची झाली, तर विरोधकांनी 'पावसावरचा कर' म्हणून ती इतकी झोडपली की 2015 मध्ये सक्ती उठली. पाठ करून ठेवा, प्रभाग समितीत कामाला येईल.

हे खूळ कृष्णाकाठी पोचायच्या आत तयारीला लागा. माती दिसेल तिथं कोबा करून टाका. कंपाउंडच्या कडेला वीतभर पट्टी उरते, जास्वंदीच्या बुंध्याभोवती हातभर आळं उरतं. गवंडी 'इथं राहू दे का?' म्हणून विचारेल, त्याच्या भिडेला पडू नका. पेव्हिंग ब्लॉक हवेत तर जरूर बसवा, फक्त खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, आणि फटींत सिमेंटची रबडी, म्हणजे गवताचा त्रास नाही. उतार मात्र स्वतः उभं राहून काढून घ्या: फाटकातून रस्त्यावर, नाहीतर शेजारच्या मोकळ्या प्लॉटात. हजार चौरस फूट स्लॅबवर इंचभर पाऊस झाला की साधारण 2,300 लिटर पाणी होतं. एवढा ऐवज घरात ठेवून करायचंय काय? उन्हाळ्यात टँकर मिळतोच.

शामरावनगरच्या बाजूला राहत असाल तर जोतं रस्त्यापेक्षा तीन फूट उचला. शेजाऱ्यानं चार उचललं, तर तुम्ही भरावा टाकून पाच करा. जागा सखल, माती काळी, पाऊस उघडला तरी पाणी हटायचं नाव घेत नाही. पण मुरमाच्या ट्रॉल्यांवर चार घरं चालतात, हेही बघायला हवं. जुन्या नकाशात प्लॉटमधून ओढा जाताना दिसला तर दचकू नका. गुंठेवारीत ओढे आपोआप आटतात.

कुणी बोललंच, तर बोट कोयनेकडे दाखवा. 2005, 2019, 2021 चे महापूर वरूनच आले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ते काही तुमच्या अंगणातून गेलं नव्हतं, शंभर टक्के खरं. फक्त, नदी पात्रात शांत असताना जूनच्या एका सरीत दारात गुडघाभर पाणी कुठून येतं, हा प्रश्न निघायच्या आत चहा मागवा.

तिकडचे लोक शुल्क कमी करायला काय उपद्व्याप करतात, ऐका. घातलेली फरशी उखडून माती मोकळी करतात. पन्हाळीचं पाणी पिंपात धरतात. अंगणात मुद्दाम खोलगट बाग करून पाणी तिथं जिरू देतात, ब्लॉक खडीच्या थरावर बसवतात. मग अर्ज, फोटो, तपासणी, आणि तेव्हा कुठं बिलात सूट! आपल्याकडेही काही हौशी आहेत. गच्चीचं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडतात. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, त्यापेक्षा बोअर नाहीतर टाकी बरी, असं वर ऐकवतात. त्यांच्या बोअरला मे महिन्यातही पाणी असतं, हा निव्वळ योगायोग.

500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम असेल तर पाऊसपाणी जिरवण्याची सोय राज्याच्या नियमावलीनंच सक्तीची केलीय. त्यावरचा उपाय बिल्डर मंडळींना तोंडपाठ आहे. गच्चीवरून एक पाइप खाली आणायचा, दीड फूट मातीत खुपसायचा, भिंतीवर 'जल हेच जीवन' रंगवायचं, फोटो काढायचा, पूर्णत्वाचा दाखला घ्यायचा. पाइप पुढं कुठं जातो, हे बघायला जमिनीत कोण उतरतंय?

एवढं करूनही शुल्क लागू झालंच आणि मोजणीला माणूस आला, तर आदल्या रात्री कोब्यावर प्लास्टिकचं हिरवं लॉन अंथरा. वर चार कुंड्या. ड्रोन उडवला तरी हिरवंगार दिसेल. आणि तरीही बिल हातात पडलं तर लगेच भरायचा बावळटपणा करू नका. थकू द्या. तोवर शास्तीमाफी येते, नाहीतर निवडणूक.