बूट गोलात, बॉल बाहेर

आज संध्याकाळी आमच्या बडोद्याच्या मंडळाची स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, एकशे साठ पानं, मुखपृष्ठावर लक्ष्मी विलास पॅलेस (तो मंडळाच्या मालकीचा कधी झाला कोण जाणे). चहा तसाच ठेवून मी आधी 'महिला विभाग' शोधला. दीड पान. हळदीकुंकू, भोंडला, पाककृती स्पर्धा, रांगोळी, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : 'काही काळ भगिनींनी मैदानी खेळांतही भाग घेतला.'

काही काळ. मैदानी खेळांतही. भगिनींनी!

माझी आत्या या मंडळाच्या मुलींच्या फुटबॉल संघात आठ वर्षं राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने पुढे, खेळली. त्या मैदानी खेळाला नाव आहे हो, फुटबॉल म्हणतात त्याला. क्रिकेटच्या मुलांना चौदा पानं दिलीत. १९६२ च्या कुठल्याशा सामन्यानंतर चहा कुणी पाजला होता, तेसुद्धा त्यात आहे.

आता ती बुटाची गोष्ट. घरच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुम्हाला पाठ आहे. साल १९७८, आत्या सतरा वर्षांची. रावपुऱ्यातल्या दुकानात फुटबॉलचे बूट मागायला गेली तर दुकानदार म्हणाला, 'छोकरीओ माटे बूट नथी आवता, बेन.' सगळ्यात लहान माप सहा नंबर, आत्याचा पाय चार. तेच घेतले. पुढे कापूस कोंबला, आणि माझ्या बाबांच्या शाळेच्या मोज्यांचे दोन जोड चढवून ही पोलो ग्राउंडवर उतरली. सामना संपायला आला होता, बरोबरी होती. डावीकडून पास आला, आत्याने जीव खाऊन लाथ घातली. बूट सुटला तो थेट गोलात, आणि बॉल बाहेर. समोरच्या गोलकीपरने झेप घेतली, तीही बुटावर. रेफरी इतका हसला म्हणे, की त्याला शिट्टी फुंकता येईना.

आमच्या घरात एखादं काम भलतीकडे गेलं की अजून 'बूटगोल झाला' म्हणतात. पण त्या स्मरणिकेत हा बूट नाही.

मी लगेच समितीतल्या एका काकांना फोन लावला. म्हणाले, 'अगं, नोंदीच नाहीत. नावं कुठून आणायची?' खरं सांगते, यावर माझ्याकडे क्षणभर उत्तर नव्हतं. जुन्या वहीत आहेत ती फक्त मुलींची माहेरची नावं. लग्नात अर्ध्या जणींची आडनावं बदलली आणि तिघींची तर नावंही. माहेरची कुसुम सासरी वैशाली झाली. आता सेंटर हाफ कुसुमला शोधायचं कुठे? बाप्याचं तसं नसतं. १९६२ चा ओपनिंग बॅट्समन आजही त्याच नावाने दांडिया बाजारात भाजी घेतो. बरं, वही नीट ठेवली नाही हा दोष आमच्या बायकांचाही आहे, कबूल. पण काका, विचारायचं तरी होतं! आत्या तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर राहते. वर्गणीच्या पावत्या घेऊन बरोबर पोचता की तिथे.

महाराजांचं नाव मात्र पानापानावर आहे. १९०६ मध्ये सयाजीरावांनी अख्ख्या संस्थानात शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींसकट. मलाही अभिमान आहे त्याचा. (मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्यापर्यंत, हेही छापायला हरकत नव्हती.)

आणि कृपा करून 'बायकांचा फुटबॉल बघायला येतं कोण' हे कमेंटमध्ये कुणी लिहू नका. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला डिक कर लेडीज या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३,००० माणसं आली होती. वर्षभरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपली मैदानं बायकांना बंद केली, ती जवळजवळ ५० वर्षं. गर्दी झाली म्हणून पोटात दुखलं, दुसरं काय. आपल्याकडे १९७५ मध्ये बायकांच्या फुटबॉलचा वेगळा महासंघ निघाला, कारण देशाच्या मोठ्या फुटबॉल महासंघाला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्याने त्यांना जवळ केलं ते नव्वदीत. तोवर या मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या होऊन बसल्या होत्या. १९८३ मध्ये त्याच संघातल्या शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. आत्याने तिचा फोटो पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आतून, कारण बाहेर लावला असता तर आजी ओरडली असती.

२०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या कोटंबीच्या स्टेडियमवर त्या वर्षीची डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची क्रिकेट लीग, सुरू झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर पासांसाठी झुंबड उडाली होती. छानच झालं, मीही गेले होते. पण जुलैत भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई कपात जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, तेव्हा ग्रुपवर काय आलं? सुप्रभात आणि गुलाबाचं फूल.

इथवर लिहून झालं आणि आत्याचाच फोन आला. स्मरणिका तिच्याकडेही पोचली होती. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, 'बुटाचं छापलंय का गं?' मी नाही म्हटलं. म्हणाली, 'बरं झालं. पुढचं कुणाला माहीतच नाही, अर्धंच छापलं असतं.'

पुढचं मलाही माहीत नव्हतं. म्हणजे असं, की बूट परत घालायला रेफरी थांबेना, म्हणून उरलेला सामना ती एका पायात नुसत्या मोज्यावर खेळली. अंगठ्याचं नख गेलं. घरी येऊन मोजा न्हाणीघरात लपवला. 'पाय मोडला तर लग्न कोण करेल' हे रोज ऐकवणारी आजी सकाळी काहीच बोलली नाही. मोजा धुऊन दोरीवर वाळत होता. आणि बुटांत कापसाच्या जागी जुन्या गोधडीचे तुकडे होते, पायाच्या मापाने कापलेले, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेले. त्यानंतर सहा वर्षं बूट सुटला नाही.

मी म्हटलं, 'आत्या, आजी तर खेळाच्या विरुद्ध होती ना?'

'होतीच. शेवटपर्यंत होती.'

काका, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण आवाज चढवला त्याबद्दल सॉरी. ज्यांच्या आई, मावशी, काकू, सासूबाई ७६ ते ८४ मध्ये आमच्या मंडळाकडून खेळल्या असतील, त्यांनी खाली लिहा. माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि कुठल्या जागी खेळायच्या ते. सेंटर हाफ कुसुम, तुम्ही आत्ता कुठेही आणि कुठल्याही नावाने असाल, आत्या विचारते आहे.

बूट माळ्यावर आहेत म्हणे, पितळी घंगाळ्याच्या मागे. उद्या सकाळी काढायला जाते आहे. आत्याने बजावलंय, शिडी शेजारून मिळेल, पण येताना सेवउसळ आण आणि तर्री वेगळी बांधून घे.