कुत्र्यांसाठी कोंबडीपालन

परड्यात चार कोंबड्या पाळायचं ठरवलंत ना? उत्तम. आता त्या गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत विनाविलंब कशा पोचवायच्या, ते अनुभवानं सांगतो.

जाळी घ्यायची ती पातळ, षटकोनी भोकांची कोंबडीजाळीच. ती कोंबडीला आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवीन असं तिनं कधीच कबूल केलेलं नाही. दुकानदार जाड वेल्डमेश दाखवील, तिकडं बघू नका. जाळीची कड फूटभर मातीत पुरा, नाहीतर बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट अंथरून वर दगड ठेवा, असं एखादा शहाणा सांगेल. त्याला चहा पाजून वाटेला लावा. पाऊस लागला की आपल्या बेळगावकडल्या खानापूर बाजूची तांबडी माती किती मऊ होते! कुत्र्यानं हौसेनं उकरायला घ्यावं आणि पंजाला तार लागावी, हे काय बरं दिसतं? कडीच्या जागी सुतळी बांधा.

अंड्यांवर रवणाला बसवलेली कोंबडी मात्र वेगळी ठेवा. डालग्याखाली, वर अर्धी वीट. 21 दिवस ती अंडी सोडून फारशी हलत नाही, म्हणजे येणाऱ्याला शोधाशोध नको. आमची 20 व्या दिवशी गेली. सकाळी बघतो तर डालगं उताणं, गवताच्या गंजीपर्यंत पिसांची वाट, आणि एका तडकलेल्या अंड्यात इवलीशी चोच अजून हलत होती. गंजीच्या उबेला शेजारचा टायगर पसरलेला. मिशीला एक भुरं पीस.

"आमचा टायग्या? दूधभातावर वाढलाय ओ तो! पीस वाऱ्यानं चिकटलं असंल."

मी मिशीकडं बोट दाखवलं, तेव्हा उत्तर बदललं. "आणि तो आमचा कुठं हाय? आपला येतो, बसतो." आदल्याच दिवशी 'टायग्या हाय म्हणून गल्लीत चोर फिरकत न्हाई' हे याच तोंडून ऐकलं होतं. आमच्या गावावर दोन राज्यं हक्क सांगतात. टायग्यावर एक माणूस सांगेना.

मग पंचायतीत अर्ज द्या. कन्नडमध्ये द्या, नाहीतर तो टेबलापर्यंतही पोचायचा नाही. कन्नडमध्ये कुत्र्याला 'नायि' आणि कोंबडीला 'कोळी'. आमच्या मावशींनी अर्ज वाचून घेतला आणि म्हणाल्या, "कोळी? आपल्या गल्लीत कोळी कधी राहायले?" कुत्र्याचं नावच 'नायि' असल्यावर तक्रार कुणाविरुद्ध, हाही प्रश्न उरलाच.

विष घालायचा सल्ला देणारे भेटतीलच. ते खरंच करू नका. 1960 च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि परड्यात टाकलेला तुकडा कुत्र्याआधी आपलीच कोंबडी टिपते. नियमाप्रमाणं कुत्रं धरून न्यायचं, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून नेलं तिथंच आणून सोडायचं. जाताना वाट चुकलं, असं व्हायला नको. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये 11 ऑगस्टला दिल्लीच्या कुत्र्यांना निवाऱ्यात डांबायला सांगितलं आणि 22 ऑगस्टला, पिसाळलेली व अंगावर येणारी वगळून, परत सोडायला सांगितलं. अकरा दिवसांत दोन आदेश! आपला सीमावाद त्याच न्यायालयात 2004 पासून आहे. पुढच्या वेळी आपणही भुंकून बघायला हरकत नाही.

रविवारी चिकनच्या दुकानामागं नाल्यात आतडी-पिसं टाकतात, तिकडंही दुर्लक्ष करा. चव तिथंच लागते, हे खरं. पण ती सवय मोडली तर बिचारी खाणार काय?

परवा शनिवारच्या बाजारातून दोन तलंगा आणल्यात. जाळी तीच आहे, सुतळी तेवढी नवी घेतली. टायग्या रस्त्यापासून दारापर्यंत शेपूट हलवत सोडायला आला होता.