रील बघून दिवाळं काढायला निघालेल्यांनो

आज सकाळी साडेसहाला भावंडांच्या ग्रुपवर एका चुलतभावाने (कोणत्या ते विचारू नका, नऊ आहेत) एक रील टाकलं. गॉगल लावलेला पोरगा गाडीत बसून सांगतोय, ‘दिवाळखोरी जाहीर करा, सगळी लोन झिरो, बँकवाले बघत बसतील!’ खाली भावाची लोळून हसणारी इमोजी, त्याखाली बाकीच्यांचे अंगठे. माझा चहा गार झाला.

हसा हो. आमच्या घरी नादारी, म्हणजे कोर्टातली दिवाळखोरी, येऊन गेलीय, त्यामुळे मला नाही हसू आलं.

जुन्या मंडळींना माहितीये, इचलकरंजीत अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, आठ माग होते. सूत महागलं, कापड पडून राहिलं, एका व्यापाऱ्याने हात वर केले आणि १९९८ साली अण्णांनी कोल्हापूरला कोर्टात नादारीचा अर्ज दिला. कायदा १९२० चा, इंग्रजांच्या वेळचा. आजही तोच चालतो बरं का. मुंबईला तर त्याहून म्हातारा, १९०९ चा.

कोर्टाने नादार ठरवलं की कर्ज जात नाही, आधी घर रिकामं होतं. जे जे तुमच्या नावावर, ते कोर्टाच्या नाहीतर कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात. माग तारण होते, ते बँकेने आधीच नेले. तारण घेऊन बसलेल्याला तुमची नादारी आडवी येत नाही. मी नववीत होते. कोर्टाचा माणूस, बेलीफ, पेनाचं टोपण दातात धरून यादी करत होता. कपाट लिहिलं, टीव्ही लिहिला, अण्णांची लुना लिहिली. आईच्या शिलाई मशीनपाशी थांबला, टोपण काढलं आणि म्हणाला, “हे राहू द्या वहिनी, पोटापाण्याचं हत्यार घेता येत नाही.” आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्या मशीनवर झालीत.

मग डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून कोर्टाने दिलेली सुटका. आईला वाटायचं दवाखान्यातला. त्यासाठी कोर्टाने घालून दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करायचा. नाही केला तर नादारीच रद्द आणि सगळे उधारीवाले पुन्हा दारात. जज विचारतात, रुपयाला आठ आणे, म्हणजे देण्याच्या निम्मे तरी निघतात का? नसतील तर त्यात तुझी चूक किती? हिशेबाच्या वह्या ठेवल्यास का? बुडतोय हे कळल्यावरही धंदा रेटलास का? जुगार, उधळपट्टी? आठ आणे कुठले, अण्णांचे चारही निघत नव्हते. पण लाल कापडी बांधणीच्या रोजकीर्दी होत्या, रोजच्या रोज लिहिलेल्या, शेवटच्या दिवशीच्या हमालाच्या चहासकट. त्या वह्यांनी माणूस वाचवला. तीन वर्षं लागली. गॉगलवाल्या, तू कधी रोजकीर्द बघितलीयस का रे?

आणि सुटतं तेही सगळं सुटत नाही. सरकारी देणं राहतं. फसवून घेतलेलं राहतं. पोटगी राहते. आणि जामीनदार तर अजिबात सुटत नाही.

आमचे जामीनदार म्हणजे मास्तर. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र, पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेली. अण्णा सुटले त्या महिन्यातही मास्तरांच्या पगारातून कपात चालूच होती, आणि पुढे किती वर्षं चालली ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन मीच जायचे. काकू डबा घ्यायच्या, धुऊन, पुसून हातात द्यायच्या. रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी घरी येऊन आईला सांगायचे नाही, वाटेत दुकानातून शेंगदाणे घेऊन भरायचे.

आता राग कसला येतो सांगू? २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला. कंपन्यांना लागू झाला. बँकांनी कोट्यवधींवर पाणी सोडलं की त्याला ‘हेअरकट’ म्हणायचं, काय गोड शब्द. साध्या माणसासाठीचा भाग मात्र छापून ठेवलाय. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना तो २०१९ च्या डिसेंबरपासून लागू आहे, तुम्हाआम्हाला नाही. त्यात गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ आहे म्हणे. अटी ऐका: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. ३५ हजारांचा तर मोबाईल असतो लोकांच्या हातात! आणि तेसुद्धा कागदावरच.

मान्य, ठरवून बुडवणारेही असतात, आणि पतसंस्थेत पैसे अडकलेली म्हातारी माणसंही मी बघितलीयत. मान्य.

पण पाच ॲप आणि तीन कार्डांत अडकलेल्या पोराने जायचं कुठे? शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडे, नाहीतर गॉगलवाल्याकडे.

इथपर्यंत लिहिलं आणि डोक्यात आलं, साडेसहाला? रील टाकणारा हा चुलतभाऊ सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत उठत नाही. मेमध्ये आमच्याकडे आला होता तेव्हा फोन पालथा ठेवून जेवत होता, आणि फोन सारखा थरथरत होता. मीच म्हटलं होतं, उचल की रे.

लिहिणं तसंच ठेवून त्याला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. बाकीचं इथे लिहिणार नाही. एवढंही त्याला विचारून लिहितेय. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “ताई, सही केलेल्याचं काय होतं गं?”

सही त्याच्या मेव्हण्याची आहे.

रविवारी ये म्हटलं, सगळे कागद घेऊन. आणि मेव्हण्यालाही घेऊन ये.