आमचं घर साक्षीत सांगण्यासारखं नव्हतं, तरी देव तिथेच होता

प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. हे लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं, दोनदा टाइप करून डिलीट पण केलं. पण गेल्या रविवारी उपासना संपल्यावर एक ताई मला बाजूला घेऊन रडल्या. त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय, फोन उचलत नाही, आणि चर्चमधल्याच कुणीतरी त्यांना सांगितलं की घरात कुटुंब प्रार्थना नियमित नव्हती ना, म्हणून सैतानाला जागा मिळाली. त्या बाईंचा चेहरा रात्रभर डोळ्यांसमोरून हलला नाही. म्हणून आज लिहितेच, लांब होईल, वेळ मिळेल तेव्हा वाचा.

आमचं घर बाहेरून बघितलं तर एकदम छान ख्रिस्ती घर. पप्पा क्वायरमध्ये, आवाज असा की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायची. आई महिला मंडळात. दादा आणि मी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून दरवर्षी बक्षीस आणायचो. आणि त्याच पप्पांच्या चपलांचा आवाज रात्री जिन्यात आला की आम्ही दोघं श्वास धरून ऐकायचो, चप्पल सरळ पडतेय की घासत येतेय. सरळ पडली तर झोपायचं. घासत आली तर दादा उठून लाइट बंद करायचा, मला भिंतीकडे सरकवायचा आणि स्वतः दाराच्या बाजूला आडवा व्हायचा. तो अकरा वर्षांचा होता, मी सात.

आणि दुसऱ्या दिवशी रविवार असला तर तेच पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गायला उभे, आणि आईने लांब बाह्यांचा ब्लाउज घातलेला. पप्पा खोटं गायचे असं मी आज म्हणणार नाही. गाताना त्यांचे डोळे भरायचे ते मी बघितलंय, ते खरं होतं. रात्रीचंही खरंच होतं. एकाच माणसात हे दोन्ही असतं हे समजायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

बाहेर कुणाला काही सांगायचं नाही हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप कळलं. प्रार्थना विनंत्या मागितल्या की लोक परीक्षा सांगायचे, आजारपण, नोकरी, मुलीचं लग्न. पप्पा पितात आणि मारतात त्यासाठी प्रार्थना करा असं कोण कसं म्हणणार, पप्पा तर समोरच क्वायरमध्ये बसलेले. दादा बावीसचा झाला आणि एका रात्री दोन बॅगा भरून निघून गेला, पप्पांशी तो तेव्हापासून एक शब्द बोललेला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी आईला कॅन्सर निघाला आणि त्याच वर्षी माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. उपवास केले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, तेल लावून प्रार्थना झाली. आई गेली. अंत्यविधीला दादा आला, मागच्या रांगेत उभा राहिला आणि माती टाकून कुणाशी न बोलता निघून गेला. आणि मलाही तेव्हा एक काका प्रेमाने म्हणाले की बाळा, विश्वासात कुठेतरी कमी पडलो आपण.

त्या वाक्याने मला देवापासून जितकं लांब नेलं तितकं आईच्या जाण्याने पण नेलं नव्हतं हो.

मी बायबल वाचणं बंद केलं होतं जवळजवळ वर्षभर. परत सुरू केलं ते योसेफापासून, ते पण मुलीला संडे स्कूलसाठी गोष्ट सांगायची होती म्हणून. आणि लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली ती गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा एका घराची गोष्ट म्हणून दिसली. बाप इसहाकाचा लाडका मुलगा एसाव, आई रिबकेचा लाडका याकोब. याकोबाने हाताला करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापाला फसवलं. आणि त्याच याकोबाला म्हातारपणी त्याच्या मुलांनी कशाने फसवलं तर बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या योसेफाच्या झग्याने. बापाने केलं तेच मुलांनी केलं, लाडकं दोडकं पण तसंच पुढे चालत आलं. हे देवाने निवडलेलं घर आहे बरं का, ज्याच्या नावाने देव स्वतःला अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव म्हणवून घेतो. देवाला लाज वाटली नाही त्या घराची.

याकोबाचा लाडका मुलगा योसेफ १७ वर्षांचा होता, भावांनी त्याला रुप्याच्या २० नाण्यांना विकला. मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. मधली तेरा वर्षं आपण संडे स्कूलमध्ये पाच मिनिटांत संपवतो, पण ती गुलामीत आणि तुरुंगात गेली, त्यातली दोन अख्खी वर्षं तर फक्त एक माणूस योसेफाला विसरला म्हणून. आणि पहिला मुलगा झाल्यावर त्याने नाव ठेवलं मनश्शे, म्हणजे देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. मी इथे थांबले. ज्याला घर खरंच विसरता आलं तो मुलाचं नाव असं ठेवेल का? रोज त्या पोराला हाक मारताना बापाच्या घराची आठवण येणारच की. भाऊ समोर आले तेव्हा हाच माणूस आतल्या खोलीत जाऊन रडला आणि तोंड धुऊन बाहेर आला. तोंड धुऊन बाहेर येणं आमच्या आईला चांगलं माहीत होतं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायाने. भाऊ भेटले, गळ्यात पडले, सगळं कुटुंब मिसरात आलं, याकोब तिथे १७ वर्षं जगला. सतरा वर्षं एकत्र! आणि बाप गेल्यावर भाऊ काय म्हणतात, तर आता योसेफ आपला सूड घेईल. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही त्यांना त्याची क्षमा खरी वाटत नव्हती. त्यांचा निरोप ऐकून योसेफ परत रडला. मग तो म्हणतो तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं. हे वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो, पण ते कुणा सुखी घरात बोललेलं नाही, सतरा वर्षांनंतरही एकमेकांना घाबरणाऱ्या घरात बोललेलं आहे. मला त्यातून खूप धीर आला. क्षमा झाली, देव बरोबर होता, सगळं देवाच्या हातात होतं, आणि तरी घर पूर्ण बरं झालेलं नव्हतं. या गोष्टी एका वेळी असू शकतात.

आणि प्रभू येशूचं स्वतःचं घर बघा ना. मार्क तिसऱ्या अध्यायात लिहिलंय, त्याला वेड लागलंय असं समजून त्याच्याच घरचे त्याला धरायला निघाले. योहान सातव्यात स्पष्ट आहे की त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ज्याच्यात काही पाप नाही, ज्याची प्रार्थना कधी कमी पडली नाही, त्याचे सख्खे भाऊ विश्वास ठेवत नव्हते. मग त्या ताईंना मुलगा गेला म्हणून दोष देणारे आपण कोण? पुनरुत्थानानंतर येशू आपल्या याकोब नावाच्या भावाला दिसला आणि तो भाऊ पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला, हे खरं आहे आणि मला ते फार आवडतं. पण वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या मरियेला तेव्हा हे माहीत नव्हतं. येशूने आईला सोपवलं ते शिष्याकडे, त्या दिवशी भावांचा कुठेच उल्लेख नाही.

आता आईच्या बायबलबद्दल सांगते. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. कव्हर सुटलेलं, मागून चिकटपट्टी, आत चष्म्याचं फडकं. तिने वचनांखाली रेघा कधी मारल्या नाहीत, शेजारी पेन्सिलने फक्त तारीख लिहायची, बारीक. स्तोत्र १३ च्या शेजारी पाच तारखा आहेत. हे परमेश्वरा, कुठवर, असं दावीद चार वेळा विचारतो ते स्तोत्र. त्यातली एक तारीख मला लगेच ओळखू आली, दादा गेला ती रात्र. एक बहुतेक माझ्या बाळंतपणाच्या वेळची. शेवटची ती जाण्याच्या चार महिने आधीची, त्यातला एक आकडा हाताच्या थरथरीने दोनदा गिरवलाय. म्हणजे आमची आई, जिला सगळे शांत शांत म्हणायचे, ती इतकी वर्षं देवाला कुठवर म्हणून विचारत होती. आणि विचारत होती त्यालाच, दुसऱ्या कुणाला नाही. मला वाटतं भरवसा तो हाच. मी तोवर समजत होते की भरवसा म्हणजे प्रश्न न पडणं.

स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं. शेवटी हालेलूया नाही, मी स्तुती करीन असं पण नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. चर्चमध्ये उभं राहून सांगतो त्या आपल्या साक्षी मात्र सगळ्या शेवट गोड झाल्यावरच्या. कर्ज होतं, फिटलं, आजार होता, गेला, नवरा पीत होता, सोडली. देवाने केलं त्याची साक्ष द्यायलाच पाहिजे, मी नको म्हणत नाही. पण ज्यांचं अजून मधेच चाललंय त्यांनी काय बोलायचं मग? प्रेषित पौलाने माझ्या देहातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तसाच राहिला. ती पण साक्षच आहे की.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना हे खरं तर नवीन नको वाटायला. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता, त्या माउलीवर काय आभाळ कोसळलं असेल. नंतर कितीतरी वर्षं ताटातूट, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा तापटपणा, त्यांची भांडणं, काही लपवलं नाही त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिताना. टिळक १९१९ मध्ये गेले आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांचा आपण अभिमान बाळगतो आणि आपल्या शेजारच्या बाकावरच्या बाईचं घर वाकडं दिसलं की कुजबुजतो.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं, शेवटी देवाला त्यांच्यावर रागवावं लागलं. माझी कळकळीची विनंती आहे, कुणाच्या घरात दुःख असलं तर जा, बसा, भांडी घासून द्या, पोरांना सांभाळा. कारण शोधून देऊ नका.

आणि अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे. देवावर भरवसा ठेव आणि सोस, असं मार खाणाऱ्या बाईला कुणी सांगू नका. आईला हेच सांगितलं गेलं. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद भिंतीशी उभा राहून प्रार्थना करत बसला नाही, तो पळाला, आणि देव त्याच्याबरोबर गेला. योसेफाने पण भावांना ओळख द्यायच्या आधी पारखून घेतलं, धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, ते काय करतात ते बघितलं. क्षमा करायची म्हणून परत त्याच दारात मार खायला जायचं असं कुठे लिहिलेलं नाही. आज असं कुणी वाचत असेल तर बाई, आधी सुरक्षित जागी जा, लेकरांना घेऊन जा, बाकीचं नंतर.

पप्पा आता माझ्याकडे असतात. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली. त्यांची दाढी मीच करते, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी साबण लावताना माझा हात थांबला होता, त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला आणि मी त्या हाताकडेच बघत राहिले. मला राग आला, कीव आली, परत राग आला. मी आतल्या आत म्हटलं, प्रभू, माझ्याच्याने नाही होत. मार्क नवव्यातला आजारी मुलाचा तो बाप येशूला म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, तसंच काहीतरी. मग दाढी केली. पूर्ण क्षमा केली का असं विचाराल तर मला माहीत नाही. काही दिवस होते, काही दिवस नाही होत, ज्या दिवशी नाही होत त्या दिवशीही दाढी करते. पप्पांनी माफी मागितली एकदा, अर्धवट, जीभ वळत नाही त्यांची, आईचं नाव घेतलं आणि रडले. आईला हे ऐकायला मिळालं नाही, याचं उत्तर मला अजून देवाकडून मिळालेलं नाही आणि मी विचारणं पण सोडलेलं नाही. स्तोत्र १३ शेजारी आता सहावी तारीख आहे, माझ्या अक्षरातली.

त्या पानाचा फोटो काढून मी दादाला पाठवला होता, फक्त फोटो, खाली काही लिहिलं नाही. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी रात्री मेसेज आला, जेवतात का नीट. कोण ते लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, हो, डाव्या हाताने जेवतात, वेळ लागतो. ब्लू टिक आल्या. त्यानंतर अजून काही आलेलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत दादाचं नाव घेतलं की पप्पा आमेन म्हणतात, तोंड वाकडं झाल्यामुळे तो शब्द धड उमटत नाही, त्यामुळे ते परत एकदा म्हणतात.