मोबाइल, मेंदू आणि दोन फोनांमध्ये ठेवलेले अंडे

अधूनमधून डोके वर काढणारा एक संदेश सध्या पुन्हा फिरू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोबाइलचा किरणोत्सर्ग अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गासारखाच पेशींमधला डीएनए तोडतो; फोन आणि मायक्रोवेव्ह एकाच लहरींवर चालतात, म्हणून दोन चालू फोनांमध्ये ठेवलेले अंडे तासाभरात उकडते; जागतिक आरोग्य संघटनेने या लहरींना कर्करोगकारक ठरवले आहे; उंदरांवरच्या अमेरिकी प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे; आणि म्हणून वस्तीतला टॉवर हटवला पाहिजे.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द मुळात युरेनियम, रेडियम यांसारख्या द्रव्यांतून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी रूढ झाला आणि पुढे तोच सर्रास मोबाइललाही चिकटला. शास्त्रीय परिभाषेतला व्यापक शब्द ‘प्रारण’ असा आहे, आणि त्यात दिव्याचा उजेड, विस्तवाची धग आणि क्ष-किरण हे सगळेच येते. प्रारण डीएनए तोडू शकेल की नाही, हे त्याच्या एकेका फोटॉनजवळ, म्हणजे प्रारणाच्या सुट्या ऊर्जाकणाजवळ, किती ऊर्जा आहे यावर ठरते. कार्बनचे दोन अणू जोडणारा बंध तोडायला साधारण साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणुरेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) लागतात. क्ष-किरणांच्या फोटॉनजवळ हजारो असतात. उन्हातल्या अतिनील किरणांच्या फोटॉनजवळ चारच्या आसपास असतात, आणि तेवढ्यानेही डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना जखडले जातात. ऊन हे त्वचेच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे ते त्यामुळेच. मायक्रोवेव्ह आणि मोबाइल ज्यांच्या आसपास चालतात त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीतल्या फोटॉनजवळ मात्र एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम एक लक्षांश भाग असतो. ३७ अंश तापमानाला पेशीतले रेणू नुसत्या उष्णतेने एकमेकांवर आदळत असतात, त्या धडकांची ऊर्जाही याच्या अडीच हजार पटींहून जास्त असते. असे फोटॉन अब्जावधी असले तरी बंध तोडण्याच्या कामी त्यांची बेरीज होत नाही. वीतभर उडी मारणारी हजार माणसे एकत्र आली म्हणून त्यांतला एकही जण गच्चीवर पोचत नाही.

या लहरी ऊतींना तापवू शकतात, हे मात्र निर्विवाद आहे. म्हणून अंड्याची गोष्ट हसण्यावारी न नेता तिचा हिशेब केलेला बरा. मायक्रोवेव्हमध्ये सातशे-आठशे वॅट शक्ती धातूच्या पेटीत कोंडलेली असते. आजचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्ती बाहेर टाकतो आणि तीही चहूकडे पसरते. ५० ग्रॅमचे अंडे २५ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे ८,००० जूल लागतात. दोन्ही फोनांची सारी शक्ती अंड्यातच मुरली असे संदेशकर्त्याच्या बाजूने गृहीत धरले, तरी सेकंदाला ०.४ जूल या दराने साडेपाच तास होतात. आणि तेवढा वेळ वाट पाहूनही अंडे कच्चेच राहील, कारण कवच कोमट होऊ लागताच भोवतीची हवा उष्णता काढून घेते. खोलीपेक्षा पाच-सहा अंश जास्त झाले की येणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते आणि पारा तिथेच थांबतो.

मेंदूची तर अंड्याशी तुलनाच होत नाही, कारण अंड्यात रक्त खेळत नाही. मेंदू स्वतःच्या कामासाठी सुमारे २० वॅट खर्च करतो, म्हणजे किलोमागे १४ वॅटच्या आसपास, आणि ती सगळी उष्णता दर मिनिटाला वाहणारे पाऊण लिटर रक्त हटवत असते. डोक्याशी धरायच्या फोनमधून ऊतींमध्ये मुरणाऱ्या शक्तीची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २ वॅट आहे आणि अमेरिकेतली १.६ आहे. बराच वेळ बोलल्यावर कान तापतो, तो मुख्यतः बॅटरीच्या आणि प्रोसेसरच्या उष्णतेने, शिवाय काच कानाशी दाबून धरल्यामुळे तिथे वारा लागत नाही म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, हे खरे आहे. पण हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे, तर ऊन आणि क्ष-किरण पहिल्या गटात आहेत. त्या निर्णयामागे १३ देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाचा मोठा वाटा होता. त्यात सर्वाधिक बोलणाऱ्या एक दशांश लोकांमध्ये मेंदूच्या ग्लायोमा या गाठी जास्त दिसल्या, परंतु त्याच अभ्यासात एकंदर नियमित वापरणाऱ्यांमध्ये त्या न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसल्या होत्या. फोन गाठींपासून वाचवतो, असे कोणी म्हणत नाही. मग फोन किती वापरला याच्या लोकांच्या आठवणींवर आधारलेल्या त्याच आकडेवारीचे सोयीचे टोक तेवढे उचलायचे कशासाठी? पुढे संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले आणि मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. संदेशात हा आढावा नाही.

उंदरांच्या प्रयोगाचेही तसेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये अंतिम निष्कर्ष जाहीर केले, आणि त्यांत रॅट या मोठ्या उंदरांच्या नरांमध्ये हृदयातल्या चेतातंतूंच्या आवरणाच्या गाठी वाढल्याचे स्पष्टपणे नोंदवले आहे. मात्र या प्राण्यांच्या सर्वांगावर दिवसाला नऊ तास, दोन वर्षे, किलोमागे १.५ ते ६ वॅट एवढा मारा झाला होता. माणसासाठी सर्वांगाची मर्यादा किलोमागे ०.०८ वॅट आहे. माद्यांमध्ये आणि छोट्या उंदरांमध्ये तसा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, आणि गंमत म्हणजे लहरींखाली ठेवलेले नर लहरींपासून दूर ठेवलेल्या नरांपेक्षा जास्त जगले.

विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राचा पेशींवर परिणामच होत नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०० किलोहर्ट्‌झचे विद्युतक्षेत्र डोक्यावर लावून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींचे विभाजन रोखण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात ४७ जणांच्या कानाशी ५० मिनिटे फोन चालू ठेवला असता अँटेनाजवळच्या मेंदूच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्यातून अपाय होतो असे दिसलेले नाही, पण निरीक्षण दखल घेण्याजोगे आहे.

राहता राहिला टॉवर. फोनची शक्ती ठरलेली नसते. टॉवर जवळ असला की फोन ती कमी करतो आणि लांब असला की वाढवतो. शरीराला मिळणाऱ्या लहरींपैकी मोठा वाटा बहुधा दूरच्या टॉवरचा नसून कानाशी धरलेल्या फोनचाच असतो, त्यामुळे वस्तीतला टॉवर हटवल्यावर तिथे बोलणाऱ्यांच्या डोक्यापर्यंत पोचणाऱ्या लहरी कमी न होता वाढण्याचाच संभव अधिक आहे.