तिसरी शिट्टी

वर्गात शिरले आणि पहिला धक्का खुर्च्यांनी दिला. त्या गोल मांडल्या होत्या. साताऱ्याला बी.कॉम.ची तीन वर्षं मी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला सुखाने काढली होती. गोलात शेवटचा बाक कुठून आणायचा?

खरं तर मला अकाउंटिंग घ्यायचं होतं. नवऱ्याच्या एच-वन-बीचं शेपूट असलेल्या एच-फोर व्हिसावर न्यू जर्सीला आले. नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायची होती, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. अकाउंटिंगचा वर्ग भरलेला. नवरा मुलाला सांभाळायला घरी असेल अशा एकुलत्या एका संध्याकाळी, म्हणजे मंगळवारी, दोनच विषय शिल्लक होते: कुंभारकाम आणि समकालीन अमेरिकन कथा-कादंबरी. मातीने हात खराब होतात म्हणून मी साहित्य घेतलं. हात तेवढे वाचले.

सर साठीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला पहिल्या नावाने हाक मारा. बाबांच्या वयाचा माणूस! जीभ रेटेना. महिनाभर मी त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की समोर जाऊन खोकायचे.

त्यांनी वाटलेल्या कागदावर लिहिलं होतं, 20 टक्के गुण वर्गात बोलण्याचे. आमच्या शाळेत बोलणाऱ्याला बाकावर उभं करत. इथे गप्प बसणाऱ्याचे गुण जाणार. शिवाय नुसतं बोलून भागत नाही, मत लागतं. मी आजवर साहित्याविषयी जी काही मतं बाळगली ती गाईडमधली होती, आणि ती चांगली होती. 'लेखकाने मानवी मनाच्या व्यथांवर मार्मिक प्रकाश टाकला आहे' हे वाक्य दहावीपासून माझ्या उपयोगी पडलंय. त्याचं इंग्रजी करून मी पहिल्या निबंधात घातलं, तर सरांनी समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले: 'सो व्हॉट?' मग काय! असं मला सासूबाईसुद्धा कधी म्हणाल्या नव्हत्या.

पहिली कादंबरी कॉरमॅक मॅकार्थीची 'द रोड', 2006 सालची. जग जळून राख झालंय आणि एक बाप आपल्या मुलाला घेऊन, सामानाची ट्रॉली ढकलत दक्षिणेकडे चाललाय. दोघांना नावं नाहीत. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. आमच्या मराठीच्या बाई एका अवतरणचिन्हामागे अर्धा गुण कापायच्या. या गृहस्थांना 2007 चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं साहित्याचं मानाचं बक्षीस मिळालं. शेवटचं पान उलटलं तरी जगाला नेमकं झालं काय ते कळेना, म्हणून वर्गात विचारलं. सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" म्हणजे फी मी भरायची, प्रश्न मी विचारायचा आणि उत्तरही मीच द्यायचं.

त्यात एक जागा आहे. बापाला कुठेतरी कोकचा एक डबा सापडतो, तो मुलाला देतो, आणि मुलगा म्हणतो, तुम्हीही घ्या. ते वाचताना मी रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. म्हणून धीर करून हात वर केला. मला म्हणायचं होतं, पोराला वळण चांगलं आहे. वळणाला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना. म्हटलं, "ही हॅज गुड टर्निंग."

वर्ग गप्प. मग सर हळूच म्हणाले, "रस्ता, आणि वळण." शेजारच्या मुलीने ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

जेनिफर ईगनच्या 'अ व्हिजिट फ्रॉम द गून स्क्वाड'मध्ये एक अख्खं प्रकरण पॉवरपॉइंटच्या स्लाइड्समध्ये आहे. यालाही पुलित्झर, 2011 चं. नवऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ पानं चाळत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी बारा वर्षं कादंबऱ्याच लिहितोय." डेव्हिड फॉस्टर वॉलेसची 'इन्फिनिट जेस्ट' सरांनी नुसती हातात धरून दाखवली. हजारावर पानं, आणि 388 टिपा, त्याही पुस्तकाच्या शेवटी. टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड', गुलामगिरीतून पळालेल्या एका आईची गोष्ट, वाचली त्या आठवड्यात मला विनोद सुचला नाही. आजही सुचत नाही.

आणि मग झुंपा लाहिरी आल्या. 1999 चा कथासंग्रह, त्यातली मिसेस सेनची गोष्ट. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो, ही बंगाली बाई घरी एका अमेरिकन मुलाला सांभाळते, ताज्या माशासाठी जीव टाकते, गाडी शिकायला घाबरते आणि जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरते. कथेत त्या पात्याला वायकिंगांच्या जहाजाची उपमा दिली आहे. सगळा गोल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी बंगाली नाही, मासा आमच्या घरात शिजत नाही, पण कोण ऐकतो? एका गाडीच्या बाबतीत तेवढ्या मी आणि मिसेस सेन सख्ख्या बहिणी. मला लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं.

पात्यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, मुळांपासून तुटणं. दुसरी म्हणाली, दाबून ठेवलेली हिंसा. टोपीवाला एक मुलगा होता, तो नेहमीप्रमाणे काहीच म्हणाला नाही. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिच्यावर भोपळासुद्धा चांगला चिरला जातो, आणि आमच्याकडच्या विळीला पुढे खवणी असते, नारळ खवायला. सरांचे डोळे चमकले. म्हणाले, घेऊन येता का?

विळी होती. आईने नको नको म्हणत असताना जुन्या नऊवारीत गुंडाळून बॅगेत घातली होती. पण कॉलेजच्या आवारात हत्यार आणायला बंदी, म्हणून सरांनी सुरक्षा विभागाला पत्र पाठवलं. उलट प्रश्न आला: पात्याची लांबी किती? हाताळणाऱ्याने प्रशिक्षण घेतलं आहे का? माझं प्रशिक्षण आजीकडे, माजघरात, वयाच्या नवव्या वर्षी, आणि प्रमाणपत्र म्हणजे डाव्या अंगठ्यावरची खूण. हे इंग्रजीत कसं लिहायचं या विचारात दोन दिवस गेले. शेवटी ठरलं, व्हिडिओ दाखवायचा.

नवऱ्याने फोनवर काढला. मी फरशीवर, एक गुडघा उभा, पायाखाली पाट, हातात कोबी. मागे कुकर. वर्गात तो मोठ्या पडद्यावर लागला. पहिली शिट्टी झाली तेव्हा दोघं जण खुर्चीतून उडाले. दुसरी झाली आणि व्हिडिओ संपला.

बोलण्याचे गुण असलेल्या त्या वर्गात कोणी बोलेना. मग टोपीवाल्याने हात वर केला. आख्ख्या सत्रातला पहिलाच. म्हणाला, "त्या हाताकडे बघतच नाहीत."

सर माझ्याकडे वळले. "कुठे बघत होतात?"

"कुकरकडे," मी म्हटलं. "तिसरी शिट्टी व्हायची होती."

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'द थर्ड व्हिसल', खाली दोनदा रेघ ओढली आणि विचारलं, "ती आपल्याला ऐकू का येत नाही?"

ऐकू येत नाही, कारण तेवढ्यात नवऱ्याला ऑफिसचा फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. पण पाच-सहा हात वर गेले होते. मीही वर केला.